राजधानीचं झाकण उघडा

आपली पोरं मोर्चाला दिल्लीला जाऊन आली. जनरलच्या डब्यात उभं राहून गेली, उभं राहूनच परत आली. आल्यावर फोटो दाखवले. इंडिया गेटसमोर निळा झेंडा धरलेला एक. लाल किल्ल्यापुढं मुठी वळलेला एक. कुतुबमिनार चिमटीत पकडलेला एक. अलीपूर रोडच्या स्मारकासमोर हात जोडलेला एक. फोटो झकास आहेत. मी विचारलं, दिल्लीत काय बघितलं? एक जण म्हणाला, "सगळी दिल्ली पालथी घातली." मी विचारलं, मोतीनगर बघितलं का? जिथं मैल्याच्या टाकीत पाच माणसं गुदमरून मेली? तो म्हणाला, "ते बघायच्या यादीत नव्हतं."

ती यादी कुणी केली, एवढंच मला बोलायचंय.

शाळेत मास्तरांनी सात दिल्ल्या पाठ करून घेतल्या. राजा बदलला की दिल्ली बदलायची. ऐबक, खिलजी, तुघलक, लोदी, शहाजहान, शेवटी इंग्रज. आणि मराठी पोरांचा ऊर भरून यावा म्हणून महादजी शिंदे. १७८८ पासून १८०३ पर्यंत बादशहा नावाला आणि दिल्ली शिंद्यांच्या ताब्यात. हे सांगताना मास्तर टेबलावर हात आपटायचे. मागच्या बाकावरची आम्ही पोरंही टाळ्या वाजवायचो. कुणीच सांगितलं नाही की त्याच पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पणज्याच्या गळ्यात मडकं होतं आणि कमरेला झाडू. थुंकी मडक्यात आणि पावलं झाडून पुसायची. दिल्लीचं तख्त ज्यांनी राखलं, त्यांनी आपल्याला रस्त्यावर पाऊल उमटवायची परवानगी दिली नाही. मग त्या टाळ्या आपण कशासाठी वाजवल्या?

आता कुतुबमिनार घ्या. बाराव्या शतकाच्या शेवटी ऐबकानं सुरू केला, इल्तुतमिशानं वर नेला. शेजारच्या मशिदीवर शिलालेख आहे की सत्तावीस देवळांचं सामान तिच्यासाठी वापरलं. त्यावरून आज कोर्टकचेऱ्या चालतात, टीव्हीवर गळे फाडतात. एक म्हणतो आमची देवळं फोडली, दुसरा म्हणतो आमची मशीद आहे. या भांडणात आपल्यातलीही काही पोरं भगवा रुमाल बांधून उडी घेतात. त्यांना माझा एकच सवाल. भावा, ती सत्तावीस देवळं उभी होती तेव्हा तुझ्या बापजाद्याला त्यांची पायरी तरी चढू दिली असती का? नाशिकच्या काळारामाचं दार १९३० साली आपल्यासाठी उघडलं नाही. मग बाराव्या शतकातल्या दारासाठी तू कुणाचं डोकं फोडायला निघालायस? ते खांब ज्यांनी कोरले, ते पाडून ज्यांनी दुसरीकडं वाहून नेले आणि पुन्हा उभे केले, ते तिन्ही वेळेला राबणारेच होते. त्यांच्याबद्दल कुणी कोर्टात जात नाही.

तुघलकाबादची एक गोष्ट सांगतात. गियासुद्दीन तुघलकानं १३२१ च्या सुमाराला आपला किल्ला बांधायला काढला आणि हुकूम सोडला की शहरातला प्रत्येक मजूर माझ्याच कामावर पाहिजे. तिकडं निजामुद्दीन औलियाची विहीर चालली होती. मजूर दिवसा सुलतानाचे दगड वाहायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात औलियाची विहीर खणायचे. सुलतान चिडला, मोहिमेवरून धमकी पाठवली. औलिया म्हणाला, अजून दिल्ली दूर आहे. सुलतान दिल्लीच्या वेशीशी मांडव कोसळून मेला. दंतकथा म्हणून सोडून द्या, पण लोकांनी ती सातशे वर्षं सांभाळली. लोक औलियाचा चमत्कार सांगतात. मला त्यातले मजूर दिसतात. दोन पाळ्या काढणारे. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, डबल पाळी काढल्यावर पायाच्या पोटऱ्या कशा बोलतात ते मला माहीत आहे. त्या मजुरांनी धन्याला वेठ दिली आणि स्वतःची रात्र स्वतःच्या मनानं खर्च केली. दिल्लीच्या इतिहासातला हा मला पटलेला पहिला विद्रोह.

त्याच तुघलकाबादेत संत रविदासांचं मंदिर होतं. सिकंदर लोदीनं जागा दिली अशी लोकांची श्रद्धा. १० ऑगस्ट २०१९ ला सुप्रीम कोर्टाच्या हुकुमावरून ते पाडलं. कारण काय, तर जमीन जंगलाची. दिल्लीत सुलतानांची थडगी आहेत, वजिरांची आहेत. एका राजाच्या हौसेचं पडकं शहर मैलोगणती सांभाळलंय. कातडं कमावणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या संताच्या चार भिंती तेवढ्या बेकायदेशीर निघाल्या. २१ ऑगस्टला पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातून माणसं आली. रामलीला मैदान निळं झालं. लाठ्या पडल्या, नव्वदच्या वर कार्यकर्ते तुरुंगात गेले. मग ऑक्टोबरात त्याच कोर्टात सरकारनं चारशे चौरस मीटर जागा द्यायची तयारी दाखवली. बघा, श्रद्धेनं जागा मिळाली नाही. माणसं रस्त्यावर आली, मग मिळाली.

आता नव्या दिल्लीकडं या. तिला लुटियन्सची दिल्ली म्हणतात. म्हणजे नकाशा काढणारा साहेब शहराचा बाप. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जनं दरबारात जाहीर केलं की राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला येणार. रायसीना आणि मालचा ही तिथली गावं. भूसंपादनाच्या कायद्याखाली जमिनी गेल्या, गावं उठली, टेकडीला फक्त नाव राहिलं. राजस्थानातून बागडी मजूर आले, बायकापोरांसकट. बाई विटांची पाटी डोक्यावर घेऊन परातीवर चढायची आणि तिची मजुरी बाप्यापेक्षा कमी. आपल्याकडं वडार दगड फोडतो तसाच तिथं धोलपूरचा लाल दगड त्यांनी फोडला, वाहिला, रचला. ३४० खोल्यांचा वाडा उभा राहिला. आज त्यात राष्ट्रपती राहतात. ठेकेदार सर झाले, रायबहादूर झाले. दिल्लीतल्या वसाहतींना त्यांच्या बापाची नावं लागली. बागडी बाईचं नाव कुठल्या बोळालाही नाही.

आता माझी एक रीत सांगतो. दिल्लीची तारीख वाचली की शेजारी आपली तारीख मांडायची. काय दिसतं बघा.

१९२१. फेब्रुवारीत इंडिया गेटची पायाभरणी झाली. पहिल्या महायुद्धात आणि त्याच्या आसपास मेलेल्या सत्तर हजारांवर शिपायांची आठवण. भिंतीवर तेरा हजारांवर नावं कोरली. त्याच १९२१ साली १११ वी महार पलटण मोडली. १९१७ ला माणसं कमी पडली म्हणून जिला उभी केली, तिला लढाई संपल्यावर घरी पाठवलं. दिल्लीत शिपायाचं स्मारक उभं राहत होतं आणि आपल्या शिपायाचा गणवेश काढून घेतला जात होता. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ ला, दुसरं महायुद्ध गळ्याशी आल्यावर. इंडिया गेटसमोर फोटो काढताना हे ध्यानात होतं का?

१९२७. १८ जानेवारीला व्हाइसरॉय आयर्विननं संसदेची गोल इमारत उघडली. १४४ खांब. तेव्हा ती कायदेमंडळाची इमारत. त्यानंतर दोन महिन्यांनी, २० मार्चला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले. दिल्लीत कायदा करायला १४४ खांबांचा वाडा आणि महाडात माणसाला ओंजळभर पाणी प्यायला दंगल. देशाची राजधानी त्या वर्षी कुठं होती, तुम्हीच ठरवा. माझ्या हिशोबानं महाडला होती.

१९३१. फेब्रुवारीत नव्या दिल्लीचं थाटात उद्घाटन. मेजवान्या, बँड, हत्ती-घोडे. तेव्हा नाशिकला काळारामाचा सत्याग्रह चालू होता आणि दार बंद होतं.

आणि मग १९४२ ला आपला माणूस त्या दिल्लीत गेला. पाहुणा म्हणून नव्हे, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून. कामगारांनो, हे आपण विसरतो. बाबासाहेब म्हटलं की संविधान म्हणतो, धम्म म्हणतो आणि मजूरमंत्री विसरतो. कारखाने कायद्यात आठवड्याचे ५४ तास होते, १९४६ च्या दुरुस्तीनं ४८ झाले. ते बिल बाबासाहेबांनी मांडलं. माझ्या गिरणीच्या फाटकावर तासांचा बोर्ड आहे. आत बारा तास राबवून घेतात ती गोष्ट वेगळी, पण मुकादमाशी भांडताना माझं बोट त्या बोर्डावर जातं. माझ्यासाठी दिल्लीतलं बाबासाहेबांचं पहिलं स्मारक ते.

त्याच १९४६-४७ ला गांधीजी दिल्लीत मंदिर मार्गावरच्या वाल्मीकी वस्तीत राहत होते. मोठमोठे पुढारी, इंग्रज पाहुणे तिथं भेटायला यायचे. गांधीजींची ती खोली जपून ठेवलीय. लोक चपला काढून आत जातात. मला त्या खोलीशी भांडण नाही. पण महात्मा येऊन राहिला, निघून गेला, खोलीचं स्मारक झालं आणि वस्तीतल्या पोरांच्या हातात झाडू तसाच राहिला. झाडूला पवित्र म्हटल्यानं तो हातातून सुटत नाही. त्याला दुसरं काम लागतं, शाळा लागते, कायदा लागतो. बाबासाहेब तेव्हा त्याच शहरात त्या कायद्याच्या मागं होते.

२६ नोव्हेंबर १९४९ ला त्या गोल इमारतीत संविधान मंजूर झालं. आदल्या दिवशी बाबासाहेबांनी बजावून सांगितलं होतं की मताची समता मिळतेय, पण पोटाची आणि समाजाची समता नाही, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर पोळलेली माणसं हा सगळा डोलारा उडवून देतील. पुढं दोनच वर्षांत, २७ सप्टेंबर १९५१ ला, हिंदू कोड बिल अडवलं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. सरकारी बंगला सोडला. सिव्हिल लाइन्समध्ये, २६ अलीपूर रोडला, दुसऱ्याच्या मालकीच्या बंगल्यात राहिले. ६ डिसेंबर १९५६ ला तिथंच गेले. विमानानं त्यांना मुंबईला आणलं. परळ-दादरच्या रस्त्यांवर गिरणी कामगारांचा समुद्र उसळला आणि खऱ्या समुद्राच्या काठी ७ डिसेंबरला अग्नी दिला.

काही जण कुरकुरतात की यमुनेच्या काठी सगळ्यांच्या समाध्या झाल्या, बाबासाहेबांची नाही. मी म्हणतो, बरं झालं. राजघाटावर परदेशी पाहुणा हार घेऊन येतो. चैत्यभूमीला माणूस भाकरी बांधून, पुस्तकाला पैसे गाठीला मारून येतो. कुणाला कसं भेटायचं ते बाबासाहेबांना कळत होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो तिथं येतो. एकच वर्ष घ्या. २०१८.

२० मार्च, महाडचा दिवस. दिल्लीत सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. आधी चौकशी करा, आधी परवानगी घ्या, मग अटक.

२ एप्रिल. भारत बंद. पोरं रस्त्यावर आली. कित्येक जण परत घरी गेले नाहीत.

१३ एप्रिल. त्याच दिल्लीत २६ अलीपूर रोडला पंतप्रधानांनी बाबासाहेबांच्या स्मारकाचं उद्घाटन केलं. उघड्या संविधानाच्या आकाराची इमारत. काचा, दिवे, कारंजी.

९ ऑगस्ट. संसदेपासून हाकेच्या अंतरावर, संसद मार्गावर, काही माणसांनी संविधानाची प्रत जाळली. बाबासाहेबांच्या नावानं शिव्या घोषणांमधून दिल्या. व्हिडिओ काढला, स्वतःच पसरवला. इतकी खात्री, की कोण काय करणार! त्याच ऑगस्टात संसदेला ॲट्रॉसिटी कायद्याचे दात परत बसवावे लागले. ते बसवले एप्रिलच्या बंदनं.

९ सप्टेंबर. मोतीनगरच्या एका उंची सोसायटीत मैलापाण्याच्या टाकीत उतरलेली पाच माणसं गॅसनं मेली. तरणी पोरं. माझ्या वयाची. त्याच महिन्यात डाबरीला आणखी एक जण गटारात उतरला, दोर तुटला, मेला.

एकाच शहरात, सहा महिन्यांच्या आत, हे सगळं. एप्रिलमध्ये संविधानाच्या आकाराची इमारत उभी राहिली, ऑगस्टमध्ये संविधान जळलं आणि सप्टेंबरमध्ये संविधानानं ज्याला माणूस म्हटलं तो मैल्यात बुडाला. आपल्यातल्या कित्येकांना यातला एप्रिल तेवढा आठवतो. डीपीला लावायला फोटो मिळाला. दोस्तहो, मला राग दिल्लीचा येत नाही, दिल्लीचा धंदाच तो आहे. मला राग आपला येतो.

हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा १९९३ ला झाला. पुन्हा २०१३ ला झाला. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, १९९३ पासून गटारात जे मेले त्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला म्हणालं, तीस लाख द्या. तीस वर्षांत मरणाचा दर वाढला, झाकण मात्र अजून माणूसच उघडतो. कायदा ज्या इमारतीत झाला, तिच्या संडासाचं पाणीही कुठल्या तरी नळातूनच जातं. तो नळ तुंबला की कोण उतरतो?

आता मला कुणीतरी म्हणेल, हा पुतळ्यांच्या विरोधात बोलतो. नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली आणि जाब विचारणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. ते रक्त विसरून पुतळ्याला नुसता दगड म्हणायची माझी औकात नाही. गावात बाबासाहेबांचा पुतळा बसतो तो भांडून बसतो. सरपंच आडवा येतो, तहसीलदार आडवा येतो. वर्गणी शेतमजूर बाईच्या पदरातून येते. तो पुतळा आपला. तो बोट वर करतो तेव्हा गावातला पाटील खाली बघतो.

पण सरकार जेव्हा आपणहून पुतळा देतं, तेव्हा दुसऱ्या हातात काय लपवलंय ते बघा. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ ला बसला. संसदेकडं बोट करून उभा. जून २०२४ मध्ये तो उचलला आणि गांधींच्या, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यांसोबत आवारातच एका कोपऱ्यात नेला. नाव दिलं प्रेरणा स्थळ. खासदार जिथं निदर्शनं करायचे, ती जागा रिकामी झाली. आपल्या लोकांना काय सांगितलं? सगळे महापुरुष एकत्र आणले! नवी संसद २८ मे २०२३ ला उघडली. राष्ट्रपतिपदावर आदिवासी बाई होती, तिला उद्घाटनाला बोलावलं नाही. आत राजदंड नेऊन ठेवला. ज्या देशानं राजा काढून टाकला आणि संविधान आणलं, त्याच्या संसदेत राजाची काठी. त्याच दिवशी जंतरमंतरवरून निघालेल्या कुस्तीगीर पोरींना फरफटत गाडीत कोंबलं. जुन्या इमारतीला मात्र नाव दिलं संविधान सदन. म्हणजे संविधान जुन्या घरात आणि दंड नव्या घरात. यांना नावं ठेवता छान येतात. राजपथाचा कर्तव्यपथ केला. कर्तव्य कुणाचं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. हजार वर्षं आपल्याच वाट्याला आहे ते.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी दिल्लीला जाल तेव्हा यादी आपली करा.

इंडिया गेटला जा, पण १११ व्या महार पलटणीचं नाव पोरांना सांगा. राष्ट्रपती भवन बघा, पण मालचा आणि रायसीना ही गावं होती हे सांगा. तुघलकाबादला जा आणि किल्ल्याच्या आधी रविदासांची जागा विचारा. अलीपूर रोडला जा, बाबासाहेबांना वंदन करा आणि तिथून थेट मोतीनगरला जा. त्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन अडवेल. अडवू द्या. बाहेर उभं राहा. पाच मिनिटं. घोषणा नको. मग सफाई कामगारांच्या वस्तीत जा, चहा प्या, विचारा: तुमच्यातले किती गेले? पैसे कुणाला मिळाले? गुन्हा कुणावर नोंदला? शिक्षा कुणाला झाली? लिहून आणा. फोटोपेक्षा ती वही मोलाची.

आणि दिल्लीला जायची ऐपत नसेल तर नका जाऊ. आपल्या नगरपालिकेत जा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. गटारात उतरणारे किती, यंत्रं किती, मेले किती, तीस लाख दिले किती, एवढे चार प्रश्न लिहा. उत्तर आलं तर इथं छापू. नाही आलं तरी छापू, तारखेसकट. चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीवर जेवढा पैसा जातो, त्यात शंभर गावांचे अर्ज होतील. हे ऐकून काही जणांना राग येईल. येऊ दे. माझ्यावर काढा, पण अर्ज करा.

परवा रात्रपाळीला रिंगवर धागे सांधत होतो. एक धागा तुटला की भिंगरी नुसतीच फिरत राहते, लांबून बघणाऱ्याला वाटतं सूत निघतंय. जवळ जाऊन हात लावल्याशिवाय कळत नाही. दिल्लीचं तसंच आहे. लांबून सगळं फिरताना दिसतंय. स्मारकं, दिवे, परेड, भाषणं. धागा कुठं तुटलाय ते बघायला जवळ जावं लागेल, खाली वाकावं लागेल, नाक दाबून का होईना, झाकण उघडावं लागेल.

अर्जाची पोच मात्र जपून ठेवा. अंकासाठी लागेल.

जयभीम.